बरे आहात तोवर कागद करून ठेवा

पत्र, थोडं आखूड करून आणि ओळख पुसून:

"ताई, मी देवगड तालुक्यातला, वय 33. कलमांची बाग आहे, थोरल्या भावाबरोबर आंब्याचा धंदा बघतो. गेल्या हंगामात माझी झोप उडाली. रात्र रात्र जागा, डोक्यात नुसत्या योजना. दुबईला थेट माल पाठवायचा म्हणून दोघातिघांकडून पैसे उचलले, फोनवर वाटेल त्याला वाटेल ते बोललो. घरच्यांनी आधी देवळात गाऱ्हाणं घातलं, मग एका भगताकडे नेलं. शेवटी दादाने आणि चुलतभावांनी हातपाय बांधून बोलेरोत घातलं आणि लांबच्या शहरातल्या एका खासगी मानसिक रुग्णालयात नेऊन टाकलं. तिथे पहिल्याच दिवशी डोकं भादरलं, फोन काढून घेतला, दोन दिवस पलंगाला बांधून ठेवलं. घरी फोन लावून द्या म्हटलं की उत्तर एकच, 'नीट वाग, मग बघू.' बायपोलर आहे म्हणाले. आता लिथियम चालू आहे. डोकं ठिकाणावर आहे, पण हात थरथरतात, पेटी भरताना गडी बघतात. गोळ्या बंद केल्या तर चालतील का? मला परत कधीच ॲडमिट करू नये असं कायदेशीर लिहून ठेवता येतं का? दादा म्हणतो, 'तुज्या बऱ्यासाठीच केलंव.' मी त्याच्याशी कामापुरतंच बोलतो. आणि त्या हॉस्पिटलबद्दल फेसबुकवर लिहू का?"

गोळ्यांचं आधी घेते, बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल. बायपोलरमध्ये मन कधी अति चढतं, कधी अति खचतं, आणि लिथियम ते ताळ्यावर ठेवतं. ते आपल्या मनाने आणि एकदम बंद करू नका. एकदम सोडलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो, आणि उलटला की ज्या बोलेरोची तुम्हाला एवढी भीती आहे तीच परत दारात उभी राहील. कमी करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू, महिने लावून. पण मुळात रक्तातली लिथियमची पातळी शेवटची कधी तपासली होती? पत्रात तिचा उल्लेख नाही म्हणून विचारते. हे औषध कमी पडलं तर फुकट आणि जास्त झालं तर विष. आजार आटोक्यात ठेवायला साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटर एवढी पातळी धरतात, काहींना 1.0 पर्यंत लागते. 1.5 च्या पुढे गेली की प्रकरण अंगाशी येतं. रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेत असाल तर सकाळी नऊला, आणि सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणीही वर्षातून एकदोनदा करून घ्यायची.

तुमच्या धंद्यात हे जास्तच बघायला हवं. एप्रिल-मेच्या उन्हात झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन कलमाखाली उभं राहिलं की घामावाटे पाणी आणि मीठ जातं. शरीरात मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतात. म्हणजे गोळी तीच, पण पातळी चढते. म्हणून पाणी भरपूर प्या, पेजेतलं मीठ अचानक तोडू नका. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दिवसभर पेट्या उचलून पाठ धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन आणायची आपल्याकडे सवय असते. ती पूर्ण सोडा, दोन्हींमुळे पातळी वाढते. दुखलंच तर पॅरासिटामॉल. हाताची बारीक थरथर हा लिथियमचा ओळखीचा त्रास आहे आणि त्यावर इलाज आहेत: डोस थोडा कमी करतात, गोळीची वेळ बदलतात, कधी थरथरीसाठी वेगळी गोळी देतात. पण थरथर मोठी झाली, चालताना झोकांड्या जायला लागल्या, जीभ जड झाली, तर गोळी थांबवून सरळ दवाखाना गाठायचा. पेटी भरून व्हायची वाट बघायची नाही.

आता रुग्णालयाकडे येते. तुमच्या रागाला माझा पूर्ण दुजोरा आहे, आणि तो काही समजूत घालायला म्हणून नाही. तुमच्याशी जे झालं ते बेकायदा होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. सक्तीने डोकं भादरणं त्यात नाव घेऊन मना केलं आहे. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, घरी फोन करायचा हक्क आहे. साखळीने तर कुणालाही, कशाही प्रकारे बांधता येत नाही. तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका खासगी जागेत 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळदंडात जखडलेली 28 माणसं जागेवरून हलता न येऊन मेली, हे विसरून चालणार नाही. हातपाय आवळून धरणं वा पट्ट्याने बांधणं फक्त एकाच वेळी चालतं: त्या क्षणी तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका आहे आणि दुसरा काही मार्ग उरलेला नाही. त्यालाही मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते, नोंद लागते, आणि शिक्षा म्हणून तर ते करताच येत नाही. "नीट वाग, मग बघू" हे वाक्य औषधोपचारात कुठे बसतं ते त्या रुग्णालयाने सांगावं.

मी स्वतः आत राहिलेली आहे, हे सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे. तेव्हा 1987 चा कायदा होता. त्याच्याही आधी 1912 चा, ज्याच्या नावातच वेडे हा शब्द होता. एका मोठ्या शहरातलं रुग्णालय. मंजन तळहातावर ओतायचे, ब्रश कुणालाच नाही. आत जाताना माझा चष्मा काढून घेतला, काच आहे म्हणून. माझा नंबर जाड. त्यामुळे समोरच्या खाटेवरची बाई मला नुसता हिरवा ठिपका दिसायची. पुढे बऱ्याच वर्षांनी मी माझे केसपेपर मागून घेतले तेव्हा त्यात एका आठवड्याच्या नोंदीत होतं: रुग्ण वर्तमानपत्रात रस दाखवत नाही, आजूबाजूची दखल घेत नाही. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. त्या वॉर्डात एक आया होती, ती रात्री माझं डोकं चेपून द्यायची. पण चष्मा कुणी विचारला नाही, आणि मी मागितला तर तो "हट्ट" म्हणून लिहिला गेला. मनोरुग्णालयाच्या सुधारणेच्या बातम्या येतात तेव्हा भिंतीवरची चित्रं आणि बागेतल्या कुंड्यांचे फोटो असतात. मी त्यात फक्त बघते की पेशंटच्या नाकावर चष्मा आहे का.

म्हणून आता तुमचा मुख्य प्रश्न: "परत कधीच ॲडमिट करू नये" असं लिहून ठेवता येतं का? येतं. या कायद्यात कलम 5 खाली कुठल्याही सज्ञान माणसाला, आधी आजार झालेला असो वा नसो, आपल्या उपचाराबद्दल आगाऊ लेखी निर्देश देता येतो. डॉक्टर मंडळी त्याला ॲडव्हान्स डिरेक्टिव्ह म्हणतात. मला उपचार कसे हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीने बोलणारं माणूस कोण, असं तिन्ही त्यात लिहायचं. तुमची निर्णय घेण्याची क्षमता गेली की तो लागू होतो आणि ती परत आली की बाजूला होतो.

पण तुम्ही म्हणता तसा एका ओळीचा "कधीच नको" मी तरी लिहिणार नाही, आणि तुम्हीही लिहू नका.

कारण सांगते. तो निर्देश पाळायचा नसेल तर डॉक्टर किंवा घरचे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे रुग्णांच्या हक्कांचे वाद बघायला याच कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे, अर्ज करू शकतात आणि मंडळ तो बदलू शकतं, रद्दही करू शकतं. शिवाय जिवावर बेतलं असेल तर कुठलाही डॉक्टर तातडीचे उपचार 72 तासांपर्यंत देऊ शकतो. तुम्ही पाच रात्री जागे, बाजारात लोकांकडून पैसे उचलताय, आणि हातात कागद काय, तर "मला कुठेही नेऊ नका". असा कागद कुणीही बाजूला सारेल. आणि एकदा तो सरला की मग काय करायचं याबद्दल तुमचा एक शब्दही कुठे लिहिलेला नाही. परत ठरवणारे तेच, गाडी तीच, रुग्णालयही बहुधा तेच.

त्यापेक्षा काय हवं ते लिहा, आणि बारकाईने लिहा. पहिल्यांदा तुमची लक्षणं, तुमच्याच शब्दांत. दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोपलो आणि तरीही थकवा नाही. नवीन धंद्याचे बेत. रात्री अकरानंतर फोन. ही लक्षणं घरच्यांना आधी दिसतात, तुम्हाला सर्वांत शेवटी. मग लिहा की ही दिसली की मला अमुक डॉक्टरांकडे न्यावं, आणि मी त्या वेळी नाही म्हणालो तरी न्यावं. होय, हेही लिहिता येतं. बरा असलेला मी आजारी असलेल्या मला सांगतोय, असा हा कागद आहे. लवकर नेलं तर पुष्कळदा गोळ्या वाढवून आणि झोप आणून घरीच भागतं, दाखल करायची वेळ येत नाही.

दाखल करायचीच वेळ आली तर कुठे, हे तुम्ही ठरवा. बरे असतानाच दोनतीन ठिकाणी बाह्यरुग्ण विभागात जाऊन या. आपल्या किनाऱ्यावर पर्याय फार नाहीत. जिल्हा रुग्णालय ओरोसला, सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला, पुढे गोवा नाहीतर कोल्हापूर. रत्नागिरीचं नाव आपल्याकडे चेष्टेत घेतात म्हणून ते पाहायचंच नाही असं करू नका. वॉर्ड बघू द्या म्हणावं, फोन कधी लावता येतो ते विचारावं, बांधण्याची नोंद ठेवता का तेही विचारावं. या प्रश्नांवर जो चिडतो ते ठिकाण यादीतून काढा. मग लिहा: इथे चालेल, तिथे चालणार नाही. कुठलं औषध लागू पडलं, कशाने त्रास झाला, तेही लिहा. शॉक हवा की नको तेही. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं आता कायद्याने बंद आहे. नीट दिलेला शॉक मात्र काही जणांना गोळ्यांपेक्षा लवकर उठवतो, त्यामुळे ऐकीव गोष्टींवरून "नको" लिहू नका, डॉक्टरांना विचारून लिहा. आणि छोट्या गोष्टी अजिबात सोडू नका. माझ्या कागदावर "चष्मा काढू नये" हे वेगळ्या ओळीत आहे. तुम्ही "डोकं भादरू नये, रोज एकदा आईशी फोनवर बोलू द्यावं" लिहा. हक्क कायद्यात आहेच, पण रात्रपाळीच्या माणसाला कायदा पाठ नसतो. पुढ्यात धरलेला कागद तो वाचतो.

आता तुमच्या वतीने बोलणारं माणूस. कायद्यात त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात, आणि ते नेमायला साधा कागद व तुमची सही पुरते. तुम्ही कुणालाच नेमलं नाही तर पाळी नातेवाइकांवर जाते, म्हणजे तुमच्या घरात अर्थातच दादावर. ते माणूस नात्यातलंच हवं असं काही नाही. सज्ञान हवं आणि त्याची लेखी तयारी हवी. निवडताना माया किती यापेक्षा तीन गोष्टी बघा: जवळ राहतं का, रात्री फोन उचलतं का, आणि दादासमोर "नाही" म्हणायची हिंमत आहे का. तुमच्या संमतीशिवाय दाखल करायचं तर सहसा या माणसाच्या अर्जानेच करता येतं. मानसोपचारतज्ज्ञ धरून दोघांनी तुम्हाला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि पहिली मुदत 30 दिवसांपर्यंतच असते. रुग्णालयाने मंडळाला सात दिवसांत कळवायचं असतं. म्हणजे किल्ली पुष्कळशी या माणसाच्या हातात आहे. मुंबईचा चाकरमानी मित्र कितीही जिवाभावाचा असला तरी रात्री दोनला तो तुमच्या वाडीत नाही.

पैशाचं या निर्देशात येत नाही, ते वेगळं बघायचं. बँकेत सांगून यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा आणि मोठे व्यवहार दोन सह्यांवर ठेवा. आता करताना जरा अपमान वाटेल. दुबईवाल्या पैशांची फेड चालू असेल तर तो वाटणार नाही.

दादाबद्दल. माफ करून टाका असं मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवाल. एवढं सांगते की घाबरून बांधणं आणि सवयीने बांधणं यांत मी फरक करते. दादाने बांधलं तेव्हा त्याच्यापुढे दुसरा रस्ता कुठला होता? जवळ मानसोपचारतज्ज्ञ नाही, कुणाला फोन करायचा ते ठाऊक नाही, तुम्ही ऐकण्याच्या पलीकडे गेलेले, आई रडतेय. आपल्याकडच्या घरांना आजार कसा ओळखायचा हे कुणी शिकवलेलं नसतं, गाऱ्हाणं कसं घालायचं ते मात्र येतं. गाऱ्हाण्याबद्दल माझी तक्रार नाही. घाला, नारळ ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडेही जा. भगताने मारहाण केली असेल, भूत उतरवतो म्हणून बांधलं असेल, तर तो 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून मीही पुढे विचारत नाही. रुग्णालयाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे घाबरलेलं कुणी नव्हतं. तिथले लोक रोज हेच काम करतात.

"बऱ्यासाठीच केलंव" या वाक्यावर दादाशी वाद घालू नका. त्यातून काही निघत नाही, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंही आहे. त्याला एवढंच विचारा: परत असं झालं तर तू सर्वांत आधी कुणाला फोन करशील? त्याच्याकडे उत्तर नसेल. मग तुमचा कागद पुढे करा आणि त्याला मोठ्याने वाचायला लावा. टेली मानसचा 14416 हा नंबरही त्याच्या फोनमध्ये घालून द्या. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरातलं माणूस हाताबाहेर जातंय असं वाटलं तर घरच्यांनीही त्यावर फोन करायचा असतो. शिवाय हंगामातली कामं वाटून घ्या. रात्री पेट्या भरून वाशीची गाडी लावायचं काम दादाचं, पहाटेनंतरचं तुमचं. शिमग्यात पालखीबरोबर एखादी रात्र जागलात तर दुसरी नाही. दशावतार मध्यरात्रीपर्यंत बघा आणि घरी या. तुम्हाला झोप ही गोळीइतकीच लागते, आणि हे दादाला पटलं तर निम्मी भांडणं मिटतील.

फेसबुकवर आत्ता लिहू नका. रागाच्या भरात रुग्णालयाचं नाव घालून लिहिलंत तर उद्या त्यांची नोटीस येईल आणि तुमच्या हातात पुरावा नसेल. शिवाय बाजूच्या खाटेवरच्या माणसाची गोष्ट सांगायचा हक्क तुम्हाला नाही. आधी लेखी अर्ज करून तुमचे केसपेपर मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यात बांधल्याची नोंद शोधा: कारण काय, किती वेळ, कुणाच्या परवानगीने. नोंद असेल तर तिच्यावर प्रश्न विचारता येतात. नसेल तर नोंदीशिवाय बांधलं हीच तक्रार. तक्रार प्रथम रुग्णालयाच्या प्रमुखाकडे, समाधान नाही झालं तर पुनर्विलोकन मंडळाकडे. वकिलाला पैसे द्यायची गरज नाही, या कामासाठी मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीत नाहीतर ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा. तक्रारीचा निकाल लागायला वेळ लागेल, कदाचित मनासारखा लागणारही नाही. पण कागद मागणारा पेशंट एकदा येऊन गेला की पुढच्या वेळी वस्तरा हातात घेणारा क्षणभर थांबतो, असं मला वाटतं. सगळं झाल्यावर लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, स्वतःपुरतं लिहा.

आगाऊ निर्देशाचा ठरलेला नमुना आहे, तो जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मागा. त्यावर तुमची, प्रतिनिधीची आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि मंडळाकडे नोंदवा. मग प्रती वाटा: प्रतिनिधीला, दादाला, नेहमीच्या डॉक्टरांना, तुम्ही निवडलेल्या रुग्णालयाला. यात कंटाळा करू नका, कारण प्रत हाती पडलेली नसेल तर निर्देश पाळला नाही म्हणून डॉक्टरला जबाबदार धरता येत नाही, असं कायद्यातच आहे. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवा. पुढे मत बदललं तर निर्देश केव्हाही बदलता येतो. तसा बदललात तर जुन्या प्रती आठवणीने परत मागून घ्या आणि फाडून टाका, नाहीतर ऐन वेळी दोन कागद निघतील आणि भांडण त्यावरच होईल.